कांद्याच्या चाळीतलं यान

प्रिय सई आणि ईशान,

मागच्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, माणसांना अवकाशात पाठवायला एवढा खर्च येतो, तो कमी कसा करायचा? मला शाळेत त्यावर बोलायचंय." मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी विचार करायची गरजच नाही. या प्रश्नावर जन्मभर विचार केलेलं एक माणूस माझ्या शेजारच्या घरात राहत होतं. त्यांच्याबद्दल मी तुम्हाला आजवर काही सांगितलं नाही, कारण सांगायला लागले की मला हसू येतं आणि गोष्ट अर्धीच राहते. म्हणून लिहूनच काढते. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे. त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं तर त्यातला ठसका जातो. कुठे अडलं तर आईला विचारा, ती त्यांना चांगली ओळखायची.

त्या ओतूरला आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळेत आम्ही बायका बऱ्याच होतो, पण 'बाई आल्या' म्हटलं की त्याच, हे गावातल्या सगळ्यांना कळायचं. मला त्या नावाने कधीच हाक मारत नसत. गणिताचे सर त्यांच्यासाठी 'गणित' आणि मी 'इंग्रजी'. "अहो इंग्रजी, जरा हे उचलून बघा," असं म्हणत सकाळी सकाळी दारात उभ्या राहायच्या. हातात कधी पितळी डबा, कधी चपलांचा जोड, एकदा तर शेजारच्यांचं रांगतं बाळ. उचलून बघायचं, अंदाज सांगायचा, मग त्या तागडीत घालून खरं वजन सांगायच्या. बाळाला मात्र तागडीत घातलं नाही, त्याच्या आईने आधीच काढून घेतलं.

कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हे वर न्यायला परवडेल का?" वर म्हणजे आकाशात. सोफा दिसला, लग्नातली पैठणी दिसली, निवृत्त होणाऱ्या सरांना दिलेलं भलं मोठं घड्याळ दिसलं, तरी तोच प्रश्न. आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण एकदा फार लांबलं तेव्हा माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हे तर मुळीच परवडणार नाही."

त्यांचं म्हणणं साधं होतं. अवकाशात एकेक किलो न्यायला भयंकर पैसा लागतो. रॉकेट स्वस्त करणं हे मोठ्या लोकांचं काम, त्यांनी ते करावं. पण माणूस स्वस्त करणं आपल्यालाही जमेल. माणूस काय खातो, किती पाणी पितो, कशाने अंग पुसतो, किती सामान बाळगतो आणि किती भांडतो, हे सगळं वजनच आहे. त्यांच्या घरातल्या एकाही वस्तूला एकच काम नव्हतं. छत्रीच्या दांड्यावर मापाच्या खुणा होत्या. डब्याचं झाकण हीच ताटली. दोन पत्र्याच्या ट्रंका शेजारी ठेवून वर गोधडी टाकली की झाला पलंग. "एका वस्तूला एकच काम देणं ही चैन आहे, इंग्रजी."

एकदा शिक्षकांच्या सभेत त्यांनी अवकाशात पाणी पुन्हा कसं वापरतात ते समजावून सांगितलं. घाम, श्वासातली वाफ इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. त्यापुढची गोष्ट सांगितल्यावर मुख्याध्यापकांनी हातातला चहा हळूच खाली ठेवला. बाईंना कळेना, यात एवढं काय झालं. "अहो, नदीचं पाणी पिता ना? वरच्या अंगाला किती गावं आहेत, मोजलीत कधी?"

तुम्ही नक्की विचाराल, मग माणूस पाठवायचाच कशाला, यंत्र पाठवलं की स्वस्त पडेल. गणिताच्या सरांनीही हेच विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "यंत्र जाऊन आलं की आपल्याला माहिती मिळते. पण त्याला कसं वाटलं हे विचारता येतं का?" आणि मग त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. बाई मूळच्या तळेघरच्या, भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातल्या. तिकडे एस.टी. सुरू होण्याआधी घोडेगावचा बाजार पाहिलेली बाई त्यांच्या वस्तीत नव्हती. एस.टी. आली आणि त्यांची आई पहिल्यांदा खिडकीशी बसून बाजाराला गेली. परत आल्यावर कितीतरी दिवस ती रस्त्यातल्या वळणांचंच बोलत होती. "रस्ता आधीपासून होता. साहेबांच्या जीपगाड्या जायच्या. पण आई गेली ती एस.टी.ने," बाई म्हणाल्या. "मला वर जायची एस.टी. हवी आहे. लाल डबा चालेल."

त्या दिवशी सर हसले नाहीत.

तुमच्या आईची गोष्ट तिला बहुतेक आठवत असेल. ती शिकायला परदेशी निघाली तेव्हा विमानात ठरावीक वजनापेक्षा जास्त नेता येत नाही, हे ऐकून बाईंना कोण आनंद झाला! शेवटी एकदा कुणाला तरी त्यांचं शास्त्र लागणार होतं. त्यांनी बॅग उपडी केली आणि एकेक वस्तू हातात घेऊन तिला विचारलं, "ही काय काय करते?" एकच काम करणारी प्रत्येक वस्तू बाहेर. हेअर ड्रायर गेला. दुसरा टॉवेल गेला. तुमची आई रडकुंडीला आली होती. शेवटी बॅग इतकी हलकी झाली की उरलेल्या जागेत लोणचं, मेतकूट आणि नाचणीचे पापड बसले. पहिल्या हिवाळ्यात तिचा फोन आला, "बाईंना सांग, टॉवेल विकत घेतला, पण लोणचं इथे मिळालं नसतं." मी निरोप दिला. बाई म्हणाल्या, "टॉवेल कशाला? जुना सुती परकर होता ना!"

मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे, पण बाईंचं सांगताना क्रम राहत नाही. आता चाळीकडे वळते.

बाईंच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. पुण्यातली एक संस्था बंद जागेत माणसं कशी राहतात, किती खातात-पितात याचा अभ्यास करत होती. बाईंनी त्यांना इतक्या वेळा फोन केला की शेवटी ते म्हणाले, तुम्ही तीन माणसं दहा दिवस राहून दाखवा. तुम्ही मांडलेल्या शिध्यात आणि पाण्यात निभावलं, तर तुमची पद्धत आमच्या प्रयोगात घेऊ. आतलं बाहेर जाता कामा नये आणि बाहेरचं आत येता कामा नये. हा नियम बाईंनीच सुचवला होता.

बाईंसाठी ही एकच संधी होती. तीस-पस्तीस वर्षं गावाने त्यांना प्रेमाने का होईना, पण वेडंच ठरवलं होतं. निवृत्तीनंतर शाळेचं नावही पाठीशी राहणार नव्हतं. त्या हे बोलून दाखवत नसत. पण त्या उन्हाळ्यात त्या माझ्या घरातलं काहीही उचलून बघेनाशा झाल्या, तेव्हा मला कळलं की त्यांना काळजी लागली आहे.

जागा मिळाली ती गावाबाहेरची एक कांद्याची चाळ. मालकाने नवी बांधली होती, त्यामुळे जुनी मोकळीच पडली होती. लांबट, अरुंद, जमिनीपासून उचललेली, बाजूंना लाकडी पट्ट्या आणि वर पत्रे. पत्र्यांवर उसाचं पाचट टाकलं, मागे आडोसा केला आणि यान तयार झालं. "पण बाई, हवा तर सगळीकडून येते," मी म्हटलं. "हवेचं मोठ्या लोकांनी बघावं. तिथे खरंच पैसा लागतो. मी अन्न, पाणी आणि स्वभाव बघते."

स्वभावासाठी त्यांनी मला निवडलं, कारण सकाळचा चहा होईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. तिसरी निवड त्यांच्या भावजयीची होती. ती तळेघरहून आली. "वहिनी रागावली की लगेच बोलते," बाईंनी कारण दिलं. "मनात ठेवलेला राग फार जड असतो."

तुमचे आजोबा म्हणाले, "दहा दिवस? यान नक्की परत येणार ना?" मी म्हटलं, "डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्यात. साखरेच्या डब्यात साखरच आहे, घाबरू नका."

शिधा मात्र बाईंनी पुस्तकातून घेतला नव्हता. तळेघरच्या बाजूला पावसाळ्यात घराबाहेर पडणं मुश्किल होतं, म्हणून उन्हाळ्यातच घरोघर चार महिन्यांची बेगमी करतात. तिला आगोट भरणं म्हणतात. नाचणी, तांदूळ, हुलगे, वाळवलेल्या भाज्या, मीठ-मिरची, सरपण, सगळं अंदाजाने पण नेमकं. बाई म्हणायच्या, आमचं घर चार महिने यानच असायचं, फक्त उडत नव्हतं. नाचणी आणि हुलगे भाजून त्यांचं पीठ केलं, भाज्या कडक वाळवल्या. पाण्याचे हंडे प्रत्येकीच्या वाट्याचे. सगळं तागडीतून गेलं.

आगोट भरताना वहिनींनी एक गाडगं बाजूला ठेवलं. बाईंनी विचारलं, हे काय?

"पावण्याचा वाटा."

"वहिनी, वर कोण पाहुणा येतोय?"

"ते मला काय ठावं? आमी आगोटीत धरतो. पावसात कोन अडकलं, कोन भिजून आलं, तर काय त्याला इचारायचं का, किती खानार?"

"वजन वाढतं," असं म्हणून बाईंनी गाडगं बाहेर ठेवलं. पाहुण्याचं पाणीही काढलं. त्या दिवशी त्या फार खूश होत्या. एवढा मोठा भाग एका फटक्यात हलका झाला होता.

आम्ही आत गेलो. पहिले दोन दिवस कांद्याच्या जुन्या वासाने डोळे चुरचुरले. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, चंद्रावर नेते म्हनून आनलं आन कांद्यात कोंडलं की!" सकाळ-संध्याकाळ शेतावर जाणारी माणसं थांबायची. "बाई, सुटलं का यान?" आतून वहिनी उत्तर द्यायच्या, "न्हाई राव, ड्रायव्हर चहाला गेलाय." एका वहिनींमुळे आमचं फार बरं चाललं. आमचं एकच भांडण झालं. मी डबे नावाच्या क्रमाने लावले आणि वहिनींना पीठ सापडेना. "मास्तरीणबाई, पीठ 'न'मधी कसं?" मी म्हटलं, नाचणीचं म्हणून. "मग हुलग्याचं? ह्ये काय, पीठ दोन ठिकानी? घरात आसं करतं का कोन?" मला राग आला, त्यांनाही आला, दोघी भरपूर बोललो. बाई शांतपणे ऐकत बसल्या होत्या. भांडण संपल्यावर म्हणाल्या, "छान. हलकं झालं." डबे शेवटी वहिनींच्या मनासारखे लागले.

बाकी दिवस सुखाचे गेले. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, तेच पाणी पुन्हा जमीन पुसायला. दुपारी वहिनी झोपायच्या, बाई आणि मी पट्ट्यांमधून येणाऱ्या उन्हाच्या रेघा बघत बोलायचो. मला आयुष्यात इतकी कमी कामं कधीच नव्हती.

संस्थेची माणसं शेवटच्या दिवशी येणार होती. ती आदल्या दुपारीच आली. एक वयस्क साहेब आणि एक तरुण शास्त्रज्ञ मुलगी. गाडी कालव्यापाशी अडकली, म्हणून भर उन्हात शेताच्या बांधावरून चालत आली होती. साहेबांचा चेहरा लाल झाला होता आणि मुलीने ओढणी डोक्यावरून घेतली होती.

बाई पट्ट्यांपाशी उभ्या राहिल्या. वर्षभर मनात घोळवलेलं बोलणं सुरू झालं. "नमस्कार. आमचा नियम एकच आहे. आतलं काही बाहेर जात नाही. आज नववा दिवस. एक थेंबही बाहेर गेलेला नाही." हे तोंडाने चाललं होतं आणि उजवा हात मागे गेला, हंड्यावरचं झाकण काढलं, फुलपात्र भरलं आणि पट्ट्यांच्या फटीतून बाहेर दिलं. सोबत गुळाचा खडा. साहेबांनी फुलपात्र घेतलं, घटाघट प्यायले, परत दिलं आणि सवयीने म्हणाले, "आणखी थोडं." बाईंनी आणखी थोडं दिलं. मग मुलीला दिलं. बोलणं चालूच. "पाण्याचा हिशेब आम्ही असा ठेवला आहे की…"

"वन्सं," वहिनी म्हणाल्या.

"थांबा वहिनी, मी बोलते आहे ना."

"बोला की. पर उद्याचं पानी पावणं प्यालं."

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात रिकामं फुलपात्र होतं. त्यांनी ते हळूच हंड्यावर पालथं घातलं. साहेबही ओशाळले. त्यांच्या हातात अजून गुळाचा खडा होता. तो खावा की परत द्यावा हे त्यांना कळेना.

"अहो, चालायचंच," ते म्हणाले. "पाणीच ते. आम्ही धरणार नाही."

आता बाईंनी नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. तेवढ्यावर त्यांचं वर्षभराचं, किंबहुना जन्माचं काम पार पडलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा बाई, म्हणा. वहिनींनी तर माझा हातच धरला होता.

"धरा," बाई म्हणाल्या. "वर गेल्यावर पाणी कमी पडलं तर ते चांगल्या मनाने दिलं होतं का, हे कोण विचारतं? प्रयोग फसला."

"पण बाई, तुम्ही पाणी का दिलंत?" मुलीने विचारलं. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुम्ही उन्हातून आलात."

"मग हे तुमच्या हिशेबात नव्हतं?"

"होतं. मी काढून टाकलं." आणि मग बाईंनी त्या गाडग्याची सगळी हकिगत सांगितली, आपल्याला त्याचा किती आनंद झाला होता यासकट. सांगताना त्या हळूहळू पूर्वीसारख्या बोलायला लागल्या. "मी माणसाचं खाणं मोजलं, पिणं मोजलं, राग मोजला. देणं मोजायचं राहिलं. वर दुसरं यान अडलं आणि आतल्या माणसाने पाणी मागितलं, तर आपल्या माणसाचा हात असाच पुढे होणार. नियम पाठ असला तरी होणार. मग ते आधीच धरून चालायला हवं. ते काढून केलेलं स्वस्त, स्वस्त नाही. ते चुकीचं गणित आहे."

साहेब म्हणाले, पण वजन वाढेल. बाई म्हणाल्या, "वाढेल. दुसरीकडे कमी करू."

साहेबांनी गुळाचा खडा खाल्ला. ती माणसं गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "वन्सं, मी दिलं आसतं तर मला जल्मभर ऐकवलं आसतं." बाई म्हणाल्या, "हो, ऐकवलं असतं." आणि तिघी इतक्या हसलो की बांधावरून जाणारा माणूस थांबला.

शेवटचा दिवस आम्ही आत काढला. फसला तरी पुरा करायचा, असं बाईंनी ठरवलं होतं. चहा नाही आणि प्रत्येकीला घोट-घोट पाणी. बाहेर आल्यावर गावातल्या लोकांनी विचारलं, काय झालं? बाई प्रत्येकाला सांगत होत्या, "फसला. माझ्यामुळे फसला." संस्थेने त्या वर्षी त्यांची पद्धत घेतली नाही. जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या. मला वाटलं होतं, त्या खचतील. दुसऱ्याच सकाळी दारात उभ्या राहिल्या, माझी लोणच्याची नवी बरणी उचलून म्हणाल्या, "इंग्रजी, ही फार जड आहे."

पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा चाळीत बसल्या. या वेळी पाहुण्याचा वाटा धरून, आणि तेवढं वजन भागवायला आपल्या ट्रंका आणि गोधडी काढून टाकून. जमिनीवरच झोपल्या. माझे गुडघे दुखायला लागले होते, म्हणून माझ्या जागी संस्थेतली ती मुलगी आत गेली. तिने स्वतःच विचारलं होतं. मी पाहुणी म्हणून गेले, तर फटीतून फुलपात्र बाहेर आलं आणि माझ्यानंतर येणाऱ्यासाठीही पाणी उरलं. दहाही दिवस नीट पार पडले. संस्थेने बाईंची पद्धत आपल्या प्रयोगात घेतली. त्यातलं खरोखर किती वर जाईल, हे मला सांगता येणार नाही.

बाई दोन वर्षांपूर्वी तळेघरलाच वारल्या, शांतपणे, भावाच्या घरी. वहिनी अजून आहेत, त्यांचा फोन येतो. जुनी चाळ पाडली. पण आमच्या शाळेत दर उन्हाळ्यात काही मुली एका वर्गात शिधा आणि पाणी मोजून राहतात. या मे महिन्यातही चौघी राहिल्या. त्यांचं पाणी शेवटपर्यंत पुरलं, आणि बघायला आलेल्या प्रत्येकाला त्यातलं प्यायला मिळालं.

तुमची,
आजी